दोन कयाकांची एक होडी

14 मार्च 1895. नॉर्वेचे फ्रित्यॉफ नान्सेन आणि यालमार योहान्सेन बर्फात अडकलेलं 'फ्राम' जहाज सोडून उत्तर ध्रुवाकडे निघाले. सोबत 28 कुत्री, तीन घसरगाड्या आणि दोन कयाक: बांबूचा सांगाडा, त्यावर ताणलेलं शिडाचं कापड.

86 अंश 14 मिनिटे उत्तर अक्षांशावरून त्यांना परतावं लागलं. उन्हाळ्यात बर्फ फाटू लागला, वाटेत पाण्याच्या भेगा पडल्या. खडबडीत बर्फावर आपटून कयाकांचं कापडही फाटलेलं. आठवडे खर्चून दोघांनी ते दुरुस्त केलं. ऑगस्टमध्ये मोकळा समुद्र लागला, तेव्हा त्यांनी दोन्ही कयाक शेजारी ठेवून स्की आडव्या बांधल्या. ही जोडहोडी घसरगाड्यांसह त्यांना पेलू शकली, शीडही चढलं.

त्याआधी उरलेली दोन कुत्री मारावी लागली. स्वतःच्या कुत्र्यावर गोळी झाडणं दोघांनाही अशक्य होतं. म्हणून प्रत्येकाने दुसऱ्याचं मारलं.

फ्रान्झ जोसेफ बेटांवर त्यांनी दगडी खोपटात हिवाळा काढला. पुढे प्रवासात, जून 1896 मध्ये, कयाकांना बांधलेला दोर तुटला आणि सगळं सामान घेऊन कयाक वाहत चालले. नान्सेन बर्फाळ पाण्यात झेपावले, बधिर होत जाणाऱ्या हातापायांनी पोहत राहिले आणि कयाक परत घेऊन आले. त्या धाडसावर दोघांचे प्राण अवलंबून होते. थोड्याच दिवसांत, 17 जूनला, त्यांना ब्रिटिश संशोधक फ्रेडरिक जॅक्सन भेटले.