जशास तसे – आणि थोडी क्षमा



समोरच्याच्या मनात काय आहे हे ठाऊक नसताना आपण कसे वागावे, हा प्रश्न माणसाइतकाच पुरातन आहे. विसाव्या शतकात गणिताने त्याला हात घातला. १९५० साली अमेरिकेतील रँड संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी मांडलेले कोडे ‘कैद्यांचा पेच’ म्हणून विख्यात झाले.

त्याचे स्वरूप असे. दोघांनी सहकार्य केले तर प्रत्येकी ३ गुण, दोघांनी दगा दिला तर प्रत्येकी १. एकानेच दगा दिला तर त्याला ५ आणि विश्वास ठेवणाऱ्याच्या पदरी शून्य. म्हणजे दुसरा कसाही वागो, दगाच फायद्याचा! परिणामी दोघेही ‘शहाणे’ एकेका गुणावर येऊन थांबतात.

परंतु गाठ पुन:पुन्हा पडणार असेल तर? मिशिगन विद्यापीठाचे राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी १९८०च्या सुमारास संगणकावर याची स्पर्धाच घेतली. तज्ज्ञांनी १४ आज्ञावली पाठविल्या. जिंकली ती सर्वांत छोटी, अनातोल रॅपोपोर्ट यांची ‘टिट फॉर टॅट’. पहिल्या डावात सहकार्य करायचे; पुढे समोरचा मागील डावात जसा वागला, तसेच वागायचे. निकाल जाहीर करून दुसरी स्पर्धा घेतली गेली. ६२ आज्ञावली आल्या, तरी विजय पुन्हा तिचाच!

नवल असे की, ही नीती कोणत्याही एका प्रतिस्पर्ध्यावर मात करूच शकत नाही. फार तर बरोबरी साधते. तरीही एकूण बेरजेत ती सर्वांच्या पुढे गेली. कारण ती आपण होऊन दगा देत नाही, दिलेला दगा निमूट सोसत नाही आणि समोरचा सुधारताच मागचे उकरून काढीत नाही.

पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर समोरासमोरच्या खंदकांत राहिलेल्या शत्रुसैनिकांमध्ये असेच अलिखित तह झाले होते. जेवणाच्या वेळी कोणीच गोळी झाडायची नाही! वरिष्ठांनी छापे घालण्याचे हुकूम सोडले, तेव्हा ते मोडले.

या नीतीलाही एक मर्यादा आहे. चुकून घडलेली आगळीक दगा समजली गेली, तर सूडाचे रहाटगाडगे थांबत नाही. १९९२ साली मार्टिन नोवाक व कार्ल सिग्मंड यांनी दाखविले की, अशा वेळी अधूनमधून क्षमा करणारी ‘उदार’ नीती अधिक टिकते.

भाऊबंदकीपासून राष्ट्रांच्या सीमांपर्यंत हाच पेच आहे. उद्या पुन्हा भेटायचे आहे, हे भान जेथे जागे असते, तेथेच विश्वास रुजतो. ते भान राखणे हेच शहाणपण!