म्हाताऱ्या सशाची शुश्रूषा



आमचा ससा नऊ वर्षांचा आहे. पाळीव ससा साधारण ८ ते १२ वर्षे जगतो, म्हणजे तो आता आजोबाच म्हणायचा. त्याचे मागचे पाय लुळे पडले आहेत. "सशासाठी एवढे कसले?" असे काही जणी म्हणतात. म्हणोत बापड्या!

सशाची जात मुकी. दुखले तरी ओरडत नाही. कोपऱ्यात अंग चोरून बसतो, दात करकर खातो. म्हणून सकाळी उठल्यावर मी आधी त्याच्या लेंड्या पाहते. लेंड्या बारीक झाल्या किंवा थांबल्या, खाणे सुटले, की आतडे मंदावले समजावे. अर्धा दिवस असा गेला तरी जिवावर बेतते. उद्यावर न टाकता जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. घरातली औषधे मुळीच देऊ नयेत. पेनिसिलीन पोटात गेले तर ससा दगावू शकतो.

डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावरच मी वाळल्या गवताच्या पुडीची पातळ पेज बिनसुईच्या पिचकारीने गालाच्या बाजूने भरवू लागले. थोडी थोडीच, घाई केली तर ठसका लागून फुफ्फुसात जाते.

मागचे अंग ओले राहते. ते कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून कोरडे करावे लागते, नाही तर माश्या बसून एका दिवसात अळ्या पडतात. काम किळसवाणे खरे, पण पोरे वाढवलेल्या बायकांना त्याचे काय!

वेदना आवरेनाशा झाल्या तर इंजेक्शनने शांत झोपवता येते, असे डॉक्टर म्हणाले. तो दिवस कोणता, हे मलाच ठरवायचे आहे. अजून कोथिंबिरीची काडी पुढे केली की तो मान उचलतो.