जुनी गोळी, नवी आशा

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मी व्यवसायाने डॉक्टर. गेल्या महिन्यात एका वर्गमित्राचा दूरध्वनी आला. त्याच्या आईवर झज्जरच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत उपचार सुरू आहेत. त्याने विचारले, "कोलेस्टेरॉलच्या गोळीचा कर्करोगावर उपयोग होतो, असे वाचले. गोळी स्वस्त आहे. आईला सुरू करू का?" आजचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर होय.

या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात. जपानी संशोधक अकिरा एंडो यांनी हजारो बुरश्या तपासून १९७३ साली पहिले स्टॅटिन शोधले. शरीरात कोलेस्टेरॉल घडवणाऱ्या एका विकराला ते आवर घालते. त्याच रासायनिक साखळीतून पेशींच्या वाढीस लागणारी इतरही द्रव्ये मिळतात. कर्करोगाच्या पेशीची ही रसद तोडावी, ही कल्पना तर्कशुद्ध आहे आणि प्रयोगशाळेत तिला आधारही मिळाला.

२०१२ साली डेन्मार्कमधील रुग्णनोंदी अभ्यासल्या गेल्या. रोगनिदानापूर्वीपासून स्टॅटिन घेणाऱ्या कर्करुग्णांत मृत्यूचे प्रमाण १५ टक्क्यांनी कमी दिसले. परंतु जो नियमाने गोळी घेतो, तो बहुधा नियमाने तपासणीही करून घेतो. मग गुण गोळीचा की शिस्तीचा? हे ठरवण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांचे दोन गट पाडतात. एकाला औषध देतात, दुसऱ्याला तशीच दिसणारी औषधविरहित गोळी. ब्रिटनमध्ये फुफ्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगाच्या ८४६ रुग्णांवर अशी चाचणी झाली. २०१७ साली निष्कर्ष आला: स्टॅटिनने आयुष्य वाढले नाही. इतर काही कर्करोगांबाबत चाचण्या हाती घेतलेल्या आहेत.

मग जुन्या, स्वस्त औषधांची आशा सोडावी काय? मुळीच नाही. दात काढताना हिरडी बधिर करणारे लिग्नोकेन आपणांस ठाऊक आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातील ११ केंद्रांत, स्तनांच्या कर्करोगाच्या सुमारे १,६०० स्त्रियांवर त्याची अशीच चाचणी घेतली. निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती ते टोचले. पाच वर्षांनी त्यांच्यापैकी ९०.१ टक्के हयात होत्या, इतरांपैकी ८६.४ टक्के. २०२३ साली हे प्रसिद्ध झाले. औषध हेही जुने, हेही स्वस्त. पण त्याने परीक्षा दिली होती.

मित्राला मी म्हणालो, "हृदयासाठी स्टॅटिन दिले असेल, तर ते बंद करू नकोस. दिले नसेल, तर आपल्या मनाने सुरू करू नकोस. स्नायूंना, यकृताला त्रास होऊ शकतो आणि काही औषधांशी ते जुळत नाही. आईच्या डॉक्टरांना विचार. त्यांनी एखादी चाचणी सुचवली, तर घाबरून नकार देऊ नकोस; नीट समजून घे."

तो क्षणभर गप्प राहिला. त्याच्यापाशी वेळ थोडा आहे, हे मी जाणतो. म्हणूनच तो वेळ ऐकीव आशेवर खर्च होऊ नये.

याच शाळेच्या प्रयोगवहीत 'निरीक्षण' लिहिल्यावाचून गुरुजींनी आम्हांला 'अनुमान' कधी लिहू दिले नाही. तेव्हा तो जाच वाटे. आज रुग्णासमोर बसलो की त्याचे मोल कळते.