वेग आणि आवर
(महोत्सवी सभेतील भाषण)



तरुणांसाठी चार शब्द सांगावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. उपदेश देण्याइतका आमचा अधिकार नाही. म्हणून आमच्या पडवीत उभ्या असलेल्या एका जुन्या मोटारसायकलीविषयीच बोलावे, असे आम्ही ठरविले आहे.

ती गाडी म्हणजे यामाहाची 'आरएक्स 100'. 1985 साली एस्कॉर्ट्स कंपनीने जपानी यामाहाच्या सहकार्याने ती आपल्या देशात आणली. इंजिन अवघे 98 सी.सी.चे, पण शक्ति सुमारे 11 अश्वांची आणि गाडीचे वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास. तिच्या चपळाईचे रहस्य या प्रमाणातच आहे. शिवाय ते इंजिन टू-स्ट्रोक. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीस. त्यामुळे मूठ पिळताच ती चढणीवरही उसळी घेई, आणि तिचा आवाज ऐकून कोण आले हे घरातल्यांना दारात येण्यापूर्वीच कळे.

परंतु प्रत्येक गुणाची किंमत असते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर तेलही जळते, थोडे इंधन न जळताच बाहेर जाते. म्हणून धूर अधिक. त्याच वर्षी आलेली हीरो होंडाची फोर-स्ट्रोक 'सीडी 100' संथ खरी, पण पेट्रोल फार थोडे पिई. संसारी माणसाने तीच पसंत केली. पुढे धुराचे नियम कडक झाले आणि 1996 साली 'आरएक्स 100'चे उत्पादन थांबले.

दुसरी उणीव आम्हांस अधिक महाग पडली. या गाडीला पुढे-मागे ड्रमचे ब्रेक. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. हा हिशेब आम्ही शाळेत शिकलो होतो, पण हँडल हाती आले की विसरत होतो. मृगाच्या पहिल्या सरीत अस्नोड्याहून मुळगावला परतताना, खनिजाच्या ट्रकांतून सांडलेल्या मातीचा रस्त्यावर तांबडा रेंदा झाला होता. समोर गाय आली. आम्ही सावरलो, मागे बसलेल्या आमच्या धाकट्या भावाचे गळ्याचे हाड मोडले. दोष गायीचा नव्हता, पावसाचा नव्हता, गाडीचाही नव्हता. त्या रात्री आईने आम्हांला एक शब्दही विचारला नाही. ते मौन आम्हांस अजून ऐकू येते.

भाऊ बरा झाला. तो आज सभागृहात बसला आहे आणि हसतोही आहे. परवा त्याच्याच मुलाने ती गाडी दुरुस्त करून घेतली नि आमच्यापुढे किल्लीसाठी हात पसरला. आम्ही भावाकडे पाहिले. तो म्हणाला, "दे."

आम्ही किल्ली दिली. पण आधी नवे ब्रेक-लायनर बसविले आणि हेल्मेटे दोन आणली, एक मागे बसणाऱ्यासाठी. तरुण मित्रांनो, वेगाची हौस आम्ही तुमच्याकडून मागून घेत नाही. तुमच्या मागे कोण बसले आहे, एवढेच लक्षात ठेवा. संस्था चालविणाऱ्यांनाही याहून निराळे काय सांगावे?