डावे पान, उजवे पान

मंडळी, गेली काही वर्षे मी एक उद्योग चालवला आहे. विलायतेत जे जे पंतप्रधान होऊन गेले, त्यांच्यावरची पुस्तके एकामागून एक वाचायची. आता तुम्ही म्हणाल, या माणसाला दुसरे काही सुचले नाही काय? इंग्रज गेला 1947 साली. त्याच्या कारभाऱ्यांची चरित्रे आता कशाला?

कारण सांगतो. आपल्या पणजोबांनी भरलेला शेतसारा कुठे गेला? दुष्काळात त्यांच्या मजुरीचा दर कुणी ठरवला? हा धागा धरून निघालो, तर तो मुंबईला थांबत नाही, कलकत्त्यालाही थांबत नाही. लंडनच्या डाउनिंग स्ट्रीट नावाच्या गल्लीत दहा नंबरचे एक घर आहे, तिथवर तो जातो. त्या घरात कोण कोण राहून गेले, ते मला पाहायचे होते.

पहिले वॉलपोल. 1721 साली ते कारभारावर आले. त्याच्या आदल्या वर्षी आपल्याकडे पहिल्या बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली होती. राजा नावाचा आणि कारभार प्रधानाचा, ही गोष्ट आपल्या लोकांना काही नवी नाही! वॉलपोल त्या दहा नंबरात राहायला गेले 1735 साली. पुढचे कित्येक पंतप्रधान मी भराभर उरकले. काहींवर वाचण्याजोगे फारसे सापडतच नाही.

वाचताना मी एक जाड वही केली. डाव्या पानावर लिहायचे, या माणसाने आपल्या देशात काय केले. उजव्या पानावर लिहायचे, त्याच वेळी आपल्याकडे काय चालले होते. डावे पान चरित्रावरून भरते. उजव्या पानासाठी बहुधा दुसरी पुस्तके शोधावी लागतात. खरी मेहनत तिथेच आहे.

डिझरेली यांचेच पाहा. जन्म ज्यू घराण्यात, लिहायचे कादंबऱ्या, आणि बुद्धीच्या जोरावर पंतप्रधान झाले. 1876 साली त्यांनी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब मिळवून दिला. 1 जानेवारी 1877 रोजी लॉर्ड लिटनने दिल्लीला मोठा दरबार भरवला. हत्ती, तोफा, राजेरजवाडे, सगळे काही. चरित्र वाचताना करमणूक होते, खोटे कशाला सांगू?

आता उजवे पान. त्याच हिवाळ्यात सोलापूर, अहमदनगर, सातारा, पुणे या भागांत दुष्काळ पडला होता. माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. सरकारने मजुरी कमी केली. धडधाकट पुरुषाला दिवसाला एक रतल धान्याची किंमत आणि वर एक आणा. रतल म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी. दिवसभर घण मारणाऱ्याचे त्यात काय भागणार? हजारो मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. त्याच सभेचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, ते दिल्लीच्या दरबाराला गेले होते. त्या झगमगाटात हा माणूस हाताने कातलेल्या सुताच्या जाड्याभरड्या कपड्यांत गेला. मी वाचलेल्या डिझरेलींच्या चरित्रात दरबार आहे. खडी फोडणारा नाही, काकाही नाहीत.

डिझरेलींचे प्रतिस्पर्धी ग्लॅडस्टन. हे चार वेळा पंतप्रधान झाले. वाचनाचे वेड विलक्षण! रोजनिशीत नोंदलेली पुस्तकेच सुमारे वीस हजार भरतात. म्हातारपणी त्यांनी वेल्समधल्या हॉर्डन गावी लोकांसाठी ग्रंथालय काढले आणि आपली बत्तीस हजार पुस्तके देऊन टाकली. ऐंशी उलटलेला हा गृहस्थ एकचाकी हातगाडीत पुस्तके घालून स्वतः ढकलीत नेई. हे वाचून मला त्यांच्याविषयी फार माया वाटली.

पण हा सगळा पैसा आला कुठून? त्यांच्या वडिलांचे दक्षिण अमेरिकेत, आजच्या गयानात, उसाचे मळे होते आणि त्यांवर गुलाम राबत होते. 1833 साली गुलामी बंद करण्याचा कायदा झाला, तेव्हा तरुण ग्लॅडस्टन पार्लमेंटात वडिलांच्या मळ्याची बाजू घेऊन बोलले. पुढे भरपाई मिळाली ती मालकांना. एकट्या त्यांच्या वडिलांना एक लाख पौंडांहून अधिक मिळाले, गुलामांना काही नाही. मग मळ्यावर राबायचे कुणी? 1838 साली कलकत्त्याहून दोन जहाजे भरून आपली माणसे करारावर तिकडे नेली. 2023 साली ग्लॅडस्टन यांच्या वंशजांनी गयानात जाऊन माफी मागितली.

आणि याच ग्लॅडस्टनांनी 1880 साली लॉर्ड रिपनला व्हाइसरॉय करून पाठवले. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा लिटनचा कायदा रिपनने काढून टाकला. म्हणजे हेही उजव्याच पानावर आले. त्या पानाला आता जागा पुरत नाही, मी जादा कागद चिकटवला आहे.

लॉइड जॉर्ज यांची हकीकत तुम्हा रात्रीच्या वर्गातल्या मंडळींना मुद्दाम सांगतो. बाप लहानपणीच वारला. वेल्सच्या खेड्यात मामाने वाढवले. मामा जोडे शिवणारा. भाच्याला वकिलीच्या परीक्षेला फ्रेंच लागत होते आणि शिकवणारा कुणी नव्हता. तेव्हा मामाने स्वतः व्याकरण उघडले. आधी आपण शिकायचे, मग पोराला शिकवायचे. भाचा 1916 साली पंतप्रधान झाला. ते पाहायला मामा हयात होता. अशा घरातून आलेल्या माणसाच्या उजव्या पानावर मला 13 एप्रिल 1919 हा दिवस लिहावा लागला. अमृतसर, जालियनवाला बाग.

चर्चिल यांचे डावे पान तुम्हाला ठाऊक आहे. हिटलरपुढे ते वाकले नाहीत. लिहिणारेही मोठे, 1953 सालचे साहित्याचे नोबेल त्यांनाच मिळाले. 1943 साली बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे गेली. त्यासाठी मला दुसऱ्यांची पुस्तके काढावी लागली आणि ती अजून संपलेली नाहीत.

तोवर अॅटली सुरू केले आहेत. 1928 साली सायमन कमिशनबरोबर हे आपल्याकडे आले होते. लोकांनी काळी निशाणे दाखवून ‘सायमन, परत जा’ म्हटले, ते यांनीही ऐकले असणार. 18 जुलै 1947 रोजी हिंदी स्वातंत्र्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब झाले, तेव्हा पंतप्रधान हेच होते. ही तारीख मी दोन्ही पानांवर लिहिली आहे. फाळणीची हकीकत उजवीकडे लिहायची राहिली आहे. त्यासाठी चार कोरी पाने सोडली आहेत.