मुलांचे खेळ आणि मुलांची फुप्फुसे



मी डॉक्टर नव्हे, बँकेतला कारकून. परंतु माझ्या मुलीला लहानपणी दम्याचा त्रास होता आणि मी तिचे खेळणे बंद केले. हिला पी.टी.ला उभे करू नका, अशी चिठ्ठी शाळेत दिली. तीन वर्षे ती वर्गाच्या खिडकीतून खो-खो पाहत होती. चूक माझी होती, म्हणून या विषयावर बोलतो.

जन्मल्यावर पहिल्या काही वर्षांत मुलाच्या फुप्फुसातील वायुकोश झपाट्याने वाढतात. पुढे उंचीबरोबर फुप्फुसे मोठी होत जातात; मुलींची साधारण अठराव्या वर्षापर्यंत, मुलांची विशीच्या सुरुवातीपर्यंत. नंतर क्षमता हळूहळू उतरते. आमच्या भाषेत, तोवर जी शिल्लक जमा झाली तिच्यावरच उरलेला जन्म काढायचा.

धावल्याने फुप्फुसे काही दुप्पट होत नाहीत. पण श्वासाचे स्नायू बळकट होतात, हृदय दमदार होते व तेच काम कमी धापेत होते. दम्याच्या मुलांनीही औषध चालू ठेवून खेळावे, असेच डॉक्टर सांगतात. आम्ही मात्र शेजाऱ्यांना विचारले!

मात्र खेळताना मूल कितीतरी जास्त हवा आत घेते, तेव्हा ती हवा कशी आहे हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियात १९९३ साली बारा वस्त्यांतील शाळकरी मुलांची पाहणी सुरू झाली. २००२ मध्ये असे दिसले, की जास्त ओझोनच्या वस्त्यांत तीन वा अधिक खेळ खेळणाऱ्या मुलांना दमा जडण्याचा धोका न खेळणाऱ्यांच्या तिपटीहून अधिक होता. कमी ओझोनच्या वस्त्यांत खेळाने असा धोका वाढला नाही. म्हणजे दोष खेळाचा नव्हता. पुढे तेथील हवा सुधारली. पंधराव्या वर्षी फुप्फुसांची क्षमता फार कमी असलेली मुले पूर्वी शेकडा ७.९ होती, ती ३.६ वर आल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्याकडे चुलीचा धूर आहे, डासांची कॉइल आहे, वडिलांची विडी आहे. हिवाळ्यात पहाटे धूर जमिनीलगत साचतो, तेव्हा मुलांना थोडे उशिराच मैदानावर न्यावे. आणि त्याच मैदानाच्या कडेला दर रविवारी आपण पालापाचोळा जाळतो. तो खड्ड्यात पुरू या. त्याला कोणाची मंजुरी लागत नाही.

मुलगी सातवीत असताना इनहेलर खिशात ठेवून पुन्हा धावू लागली. पहिल्या दिवशी अर्ध्या मैदानात बसली. दिवाळीनंतर पूर्ण फेरी झाली.