वाळू, सोमल आणि कामगार



आम्ही पदवीधर नव्हे. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. मध्यंतरी लातूरच्या एका बैठकीत एका वायरमनने विचारले, "भाऊ, सोलर प्लेट उन्हाची वीज करते, मग तिला वीज दिली तर ती उजेड का देत नाही?" आम्ही ठोकून दिले, "प्लेट आणि एलईडी दिवा, दोन्ही सिलिकॉनचेच; घडण तेवढी निराळी." ते उत्तर चूक होते. आज नांदेडकरांसमोर ते दुरुस्त करतो.

सिलिकॉन हे एकच मूलद्रव्य, वाळूतून निघते. एलईडी दिव्याच्या पोटात असते गॅलियम नायट्राइड, म्हणजे गॅलियम व नायट्रोजन यांचे संयुग. दोन्ही अर्धसंवाहकच. पण इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खाली येतो तेव्हा या संयुगात जिना सरळ असतो. ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. सिलिकॉनमध्ये वरचे दार एका अंगाला, खालचे दुसऱ्या. उतरायला स्फटिकाच्या कंपनाची साथ लागते. ती क्वचित जुळते, आणि बहुतेक ऊर्जा उष्णतेत जाते. प्लेटला वीज दिली तर डोळ्यांना न दिसणारा अंधुक अवरक्त प्रकाश निघतो खरा. कारखान्यात त्यावरून तडे शोधतात. संयुगातून तेजस्वी निळा प्रकाश काढणाऱ्या आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना 2014 साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या निळ्यावर पिवळा उजेड देणारा लेप चढवला, की आपला पांढरा दिवा झाला.

मग सगळे संयुगाचेच का करीत नाहीत? सिलिकॉन मुबलक आहे, त्याचे मोठे स्फटिक स्वस्तात वाढतात, आणि त्यावर चढणारा ऑक्साइडचा थर उत्तम विद्युत्‌रोधक असतो. संयुगात दोन द्रव्यांचे प्रमाण अचूक राखावे लागते. गॅलियम मुख्यत्वे ॲल्युमिनियमच्या धंद्यात उपउत्पादन म्हणून मिळते. 2023 साली चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा जगाला त्याची किंमत कळली.

आता आमच्या धंद्याची गोष्ट. उपग्रहांच्या प्लेटांत वापरतात त्या गॅलियम आर्सेनाइडमध्ये आर्सेनिक आहे, म्हणजे आपल्या सोमलातले मूलद्रव्य. इकडे सिलिकॉन ज्या गारगोटीतून येते, तिची बारीक धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो. द्रव्य कोणतेही निवडा, विषाचा वाटा आधी कामगाराकडे येतो. म्हणून आपण हाताळतो ते काय आहे, हे विचारण्याचा हक्क त्याचा आहे.

त्या वायरमनने तो हक्क बजावला. उत्तर देणाऱ्याने आधी अभ्यास करावा, एवढा धडा आम्ही घेतला.